गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ग्रुप चालवताय? आमच्या या चुका टाळा

अमळनेरला आमच्या गल्लीत ९ घरांपासून सुरू केलं होतं. पोरं पुण्याला, सुरतला, नाशिकला आणि आईबाप इथं, कारण त्यांना घर सोडायचं नाही, पोराच्या फ्लॅटमध्ये चार दिवसांत जीव कासावीस होतो म्हणतात, आणि वृद्धाश्रमाचं तर नावच काढायचं नाही. आम्ही चारपाच जण सकाळी चक्कर मारायचो, दूध, गोळ्या, लाईटबिल, बस इतकंच. दीड वर्षात घरं ६० झाली आणि तिथूनच बिघडायला लागलं.

पहिली चूक, घरं घेत सुटणं. कुणी म्हणालं स्टेशनकडच्या मावशी एकट्या आहेत, घेतल्या, पलीकडच्या कॉलनीतले मामा, तेही घेतले, नाही म्हणवत नाही ना. ९ घरं होती तेव्हा आठ वाजले तरी दुधाची पिशवी दाराला लटकलेली दिसली की कुणीतरी कडी वाजवायचंच. ६० झाल्यावर पिशवी बघायला जातंय कोण, सगळं व्हॉट्सॲपवर, आणि तिथं फुलांचे गुड मॉर्निंग. एका आक्कांनी सकाळी सहाला 'चक्कर येतेय' टाकलं, ते त्या फुलांखाली गेलं ते गेलंच, नऊ वाजता एकीच्या नजरेस पडलं. शुगर कमी झाली होती, थोडक्यात निभावलं. आता एका माणसाकडे ५ च घरं, तीही पायी जाता येतील अशी, आणि माणूस नसेल तर नवीन घर वेटिंगवर. लोक नाराज होतात, होऊ द्या. तातडीचं असेल तर फोनच करायचा, मेसेज नाही. आणि फोनवरच्या 'बरं आहे' वर विसंबू नका, आमचे एक नाना रोज "माले काहीच नही व्हयेल" म्हणायचे आणि घरी जाऊन बघतो तर पाय हा एवढा सुजलेला.

दुसरी चूक चाव्यांची, ही कुणाच्या डोक्यातच येत नाही. आम्ही प्रत्येक घराची जादा चावी शेजारी ठेवली, छान वाटलं, आणि जेव्हा खरंच लागली तेव्हा आतून कडी. चावी हातात धरून अर्धा तास दारात उभे, शेवटी खिडकीचा गज कापला. मग सुतार बोलावून जमेल त्या घरांत आतली कडी काढून बाहेरून चावीने उघडणारं लॅच बसवलं. बाथरूमची कडी तर लावायचीच नाही, नुसतं दार लोटायचं, लाज वाटत असेल तर बाहेर टॉवेल टाकायचा म्हणजे आत कुणी आहे ते कळतं. यावर मात्र सगळ्यात जास्त भांडणं झाली.

पैशांचं थोडक्यात सांगतो. एटीएमचा पिन, ओटीपी आपल्याला सांगूच द्यायचा नाही, कितीही जवळचं माणूस असलं तरी. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला असतो, तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरूनच होतो, तेव्हा आपले दोन जण बरोबर जायचे, एकट्याने नाही. ७० च्या पुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारी योजनेतून मोफत उपचारांचं कार्ड, आधीच काढून ठेवा, दवाखान्यात पळापळ चालू असताना आधार शोधत बसू नका. गोळ्यांची यादी आणि पोराचा नंबर फ्रिजवर चिकटवा. आणि माणूस पडलेला असेल तर ओढून उठवायचं नाही, आधी १०८.

फुकट चालवणं हीसुद्धा चूकच. बोस्टनच्या बीकन हिल भागात २००२ पासून असंच शेजाऱ्यांचं काम चालतं, तिथं मेंबर वर्षाची फी भरतात. आम्ही म्हटलं आपल्याकडे पैसे कसे घ्यायचे, आणि पेट्रोल आमच्यातल्याच दोन बायांच्या खिशातून. वर पुण्याहून एका मुलाचा फोन, "आईचा गॅस संपलाय, अजून कुणी आलं नाही का?" अरे बाबा, आम्ही शेजारी आहोत, तुझी माणसं नाही. आता महिन्याला ५० रुपये, आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो की गॅसचं बुकिंग तुमचं, रात्रीचा फोनही तुमचा, आम्ही फक्त दार वाजवणार.

राहिला उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या आसपास, कूलरशिवाय घरात बसवत नाही आणि कूलरची टाकी भरायला ७५ वर्षांच्या मावशी बादली घेऊन, ओल्या फरशीवरून. गेल्या वर्षी आम्ही ताक वाटत बसलो आणि दोघी त्या फरशीवर घसरल्या, एकीचं मनगट गेलं. टाकी भरताना कूलरचा प्लग काढायचा हेही कुणी सांगितलं नव्हतं, काहींच्या पत्र्याच्या कूलरला करंट येतो. यंदा मार्चातच कुणाचा कूलर कुठल्या खिडकीला आहे ते लिहून घेतलं, संध्याकाळी पाच ते सहा दोन पोरं पाईप घेऊन फिरतात. पाईप दोन घेतलेत, त्यातला एक आत्ताच गळायला लागलाय.