पुढची बचावफळी कशी जोखावी : अमेरिकन फुटबॉलमधील श्रेष्ठ फळ्यांची क्रमवारी लावण्याची रीत

नागपुरात अमेरिकन फुटबॉल नेमाने पाहणारे थोडेच आहेत, पण जे आहेत ते झोपमोड करून पाहणारे आहेत. हिवाळ्यात तिकडचे रविवार दुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतात, सुपर बोल हा अंतिम सामना सोमवारी पहाटे पाचला लागतो, आणि त्यावरची चर्चा संध्याकाळी धरमपेठेतल्या चहाच्या ठेल्यापर्यंत पोहोचते. या चर्चेत एक प्रश्न हमखास निघतो : एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधली आजवरची सर्वांत जबरदस्त पुढची बचावफळी, म्हणजे बचावाची सर्वांत पुढे उभी राहणारी रांग, कोणत्या संघाची? कोणी शिकागो बेअर्सचे नाव घेतो, कोणी पिट्सबर्ग स्टीलर्सचे, आणि तरुण मंडळी फिलाडेल्फिया ईगल्सवर अडून बसतात. नावे सगळेच घेतात, पण मोजायचे कशाने हे ठरलेले नसल्यामुळे वाद जागचा हलत नाही. ते माप कसे ठरवावे आणि त्यावरून क्रमवारी कशी लावावी, हे येथे सांगितले आहे.

माझे म्हणणे एका वाक्यात मांडता येते. फळीतल्या चौघांनी मागच्या सात जणांची मदत न घेता काय साधले, यावरच फळीची प्रत ठरवावी. चौघांनी क्वार्टरबॅकला (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) हैराण केले की उरलेले सातही जण पास अडवायला मोकळे राहतात, आणि चौघांना ते जमले नाही तर ब्लिट्झ करून पाचवा, सहावा माणूस पाठवावा लागतो व मागे खिंडार पडते. बचावाचे सगळे गणित या फरकावर उभे असते.

सुरुवातीलाच दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली म्हणजे फळीत कोणाला धरायचे. काही संघ मधले दोन टॅकल आणि कडेचे दोन एंड असे चार जण पुढे ठेवतात, तर काही संघ तिघांना पुढे ठेवून कडेच्या लाइनबॅकरला (एरवी फळीच्या मागे उभ्या राहणाऱ्या बचावपटूला) क्वार्टरबॅकवर सोडतात. २०१५ च्या डेन्व्हर ब्रॉंकोजचे व्हॉन मिलर आणि डीमार्कस वेअर कागदोपत्री लाइनबॅकर होते, पण त्यांचे मुख्य काम एंडचेच होते. अशा खेळाडूंना फळीत धरावे, नाहीतर अर्धे संघ विनाकारण बाद होतात. दुसरी गोष्ट म्हणजे तुलना एका हंगामाची करायची की अनेक वर्षांची. एकच हंगाम धरावा, असा माझा आग्रह आहे, कारण दहा वर्षे टिकणे हा वेगळा गुण आहे आणि तो यात मिसळला की कशाचीच नीट तुलना होत नाही.

आता सॅककडे वळू. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणे म्हणजे सॅक, आणि बहुतेक लोक फळीची योग्यता सॅकच्या आकड्यावरून ठरवतात. हा आकडा किती फसवा असू शकतो, हे ईगल्सच्या दोन हंगामांवरून दिसते. २०२२ च्या हंगामात त्यांनी १७ सामन्यांत ७० सॅक केले. हासान रेडिकचे १६ आणि जॅव्हॉन हारग्रेव्ह, जॉश स्वेट व ब्रँडन ग्रॅहॅम यांचे प्रत्येकी ११ सॅक होते, आणि एकाच संघातल्या चौघांनी दहाचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच फळीला सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याला एकदाही पाडता आले नाही, आणि ईगल्स ३८-३५ असे हरले. २०२४ च्या हंगामात मात्र त्यांचे सॅक अवघे ४१ होते. तरीही ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये याच संघाने महोम्सला सहा वेळा पाडले, आणि तेही संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ न करता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये लागोपाठच्या दोन डावांत (डाव म्हणजे चेंडू सुटल्यापासून खेळ थांबेपर्यंतची एक चाल) महोम्स पडला, पुढच्या डावात त्याने घाईत फेकलेला चेंडू ईगल्सच्या कूपर डीजीनने मधेच पकडला आणि ३८ यार्ड धावत शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन टचडाउन केला. नोंदवहीत तो टचडाउन डीजीनच्या नावावर आहे, पण त्याची पायाभरणी आधीच्या दोन डावांत फळीने केली होती.

म्हणून सॅकऐवजी दबावाचे प्रमाण काढावे. क्वार्टरबॅक पास करण्यासाठी मागे सरकला असे सगळे डाव मोजावेत, आणि त्यांपैकी किती डावांत त्याला पाडले, फेकता फेकता धक्का दिला किंवा जागा सोडायला लावली, याची टक्केवारी मांडावी. तयार आकडे संकेतस्थळांवर मिळतात, पण निदान काही सामन्यांपुरते हे काम स्वतः करावे, कारण डोळ्यांना जे दिसते ते तक्त्यात उतरत नाही. पद्धत सोपी आहे. सामन्याची चित्रफीत लावावी, सेंटरच्या (डाव सुरू करताना चेंडू मागे देणाऱ्या खेळाडूच्या) हातून चेंडू सुटताच थांबवावी आणि क्वार्टरबॅकच्या दिशेने किती जण निघाले ते मोजावे. चारपेक्षा जास्त असतील तर तो डाव वेगळ्या रकान्यात टाकावा. चारच असतील तर चित्रफीत पुढे नेऊन अडीच सेकंदांच्या आत कोणी आपल्यासमोरच्या, क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या अडवणाऱ्याला मागे टाकले का, ते लिहावे. ईएसपीएनचे पास-रशचे मोजमापही याच अडीच सेकंदांच्या मर्यादेवर आधारलेले आहे, आणि ती मर्यादा योग्य आहे, कारण त्यानंतर मिळालेले यश पुष्कळदा मागच्या खेळाडूंनी पास झेलणाऱ्या रिसीव्हरना जखडून ठेवल्यामुळे मिळालेले असते.

हे करताना एक डाव अगदी सावकाश पाहावा. तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्या प्रयत्नाला) आठ-नऊ यार्ड हवे असताना टॅकल आणि एंड जागांची अदलाबदल करतात, त्याला ट्विस्ट म्हणतात. टॅकल सरळ न जाता बाहेरच्या बाजूला तिरपा घुसतो आणि समोरच्या गार्डला (सेंटरच्या शेजारच्या अडवणाऱ्याला) खांद्याने ओढून नेतो. एंड अर्धे पाऊल थांबतो, टॅकलच्या पाठीमागून आत वळतो आणि मोकळ्या पडलेल्या फटीतून थेट क्वार्टरबॅकसमोर उभा राहतो. सॅक एंडच्या नावावर लागतो, टॅकलच्या नावापुढे काहीही येत नाही. रेशीमबागेच्या मैदानावर कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही : चढाईवाल्याचा पाय एकाने धरला तरी साखळीने वाट अडवलेली नसती, तर तो मध्यरेषेपर्यंत पोहोचलाच असता. आपल्या वहीत अशा डावाचे श्रेय दोघांनाही अर्धे-अर्धे द्यावे.

धाव अडवण्याची कसोटी लोक विसरतात, आणि माझ्या मते क्रमवारीतल्या चुका सर्वांत जास्त इथेच होतात. फळीतले मधले दोन टॅकल पुष्कळदा स्वतः कोणालाच पाडत नाहीत. समोरचे दोन-दोन अडवणारे अंगावर घेऊन जागा न सोडणे हेच त्यांचे काम असते. २००० साली बाल्टिमोर रेव्हन्सने १६ सामन्यांत फक्त ९७० यार्डच्या धावा आणि १६५ गुण दिले. कौतुक मधला लाइनबॅकर रे लुईसचे झाले आणि ते रास्तच होते, पण टोनी सिरागुसा आणि सॅम अॅडम्स हे दोन धिप्पाड टॅकल पुढे पाय रोवून उभे होते, म्हणून गार्डना लुईसपर्यंत पोहोचता येत नव्हते. हे पडताळण्याची एक युक्ती आहे. धावेच्या डावात चेंडूकडे न पाहता मधल्या लाइनबॅकरकडे पाहावे. पहिल्या दीड-दोन सेकंदांत त्याला कोणाचा स्पर्शही झाला नाही, तर टॅकलनी आपले काम चोख केले, असे समजून त्यांना गुण द्यावेत.

याच्या उलट, फळीला न शोभणारे श्रेयही तिच्या पदरात पडते. १९८५ चे बेअर्स हे त्याचे मोठे उदाहरण. रिचर्ड डेंट, डॅन हॅम्प्टन, स्टीव्ह मॅकमायकल आणि विल्यम पेरी ही फळी थोर होती, यात शंका नाही. डेंटने त्या हंगामात १७ सॅक केले आणि सुपर बोलमध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. बाद फेरीत संघाने जायंट्सला २१-० व रॅम्सला २४-० असे कोरडे ठेवले आणि अंतिम सामना ४६-१० ने जिंकला. परंतु बचावाचा प्रशिक्षक बडी रायनची ४६ नावाची रचना (हा आकडा डग प्लँक या खेळाडूच्या जर्सीवरून आला होता) मुळातच जास्तीची माणसे रेषेजवळ आणून प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकणारी होती. ओटिस विल्सन आणि विल्बर मार्शल हे लाइनबॅकर सतत घुसत असत. त्यामुळे त्या यशातला काही वाटा फळीच्या खात्यातून वजा करावाच लागतो. त्या हंगामातला बेअर्सचा एकमेव पराभव मायामीविरुद्ध ३८-२४ असा झाला, आणि मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरिनोच्या हातातून चेंडू विलक्षण लवकर सुटत असे, हे त्याचे एक ठळक कारण होते.

काळाचा फरकही हिशेबात घ्यावा. सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून होते, त्यामुळे त्याआधीचे आकडे अभ्यासकांनी मागाहून जुळवलेले आहेत. १९७७ पर्यंत हंगाम १४ सामन्यांचा होता, १९७८ पासून १६ चा आणि २०२१ पासून १७ चा झाला, तेव्हा प्रत्येक आकडा सामन्यागणिक काढावा : १९८४ च्या बेअर्सचे १६ सामन्यांतले ७२ सॅक म्हणजे सामन्याला साडेचार, आणि २०२२ च्या ईगल्सचे ७० म्हणजे चारपेक्षा थोडेसे अधिक. नियमही बदलले आहेत. जुन्या काळचा एंड डीकन जोन्स ज्यासाठी प्रसिद्ध होता, तो हेल्मेटवर पंजा हाणण्याचा डाव १९७७ मध्ये बंद झाला, आणि १९७८ पासून अडवणाऱ्यांना हात लांबवून तळवे उघडे ठेवण्याची मुभा मिळाली. म्हणून वेगवेगळ्या काळांतल्या दोन संघांची थेट तुलना न करता, प्रत्येक संघ त्या वर्षीच्या सरासरीच्या किती पुढे होता, हे पाहावे. शिवाय पुढे असलेल्या संघासमोर प्रतिस्पर्धी जास्त पास टाकतो आणि सॅकची संधी आपोआप वाढते, म्हणून मोठ्या आघाडीनंतरचे शेवटच्या क्वार्टरमधले सॅक अर्धेच धरावेत.

गुणांची वाटणी मी अशी करतो : चौघांचा दबाव ४०, धाव अडवणे ३०, बाद फेरीतली कामगिरी २० आणि राखीव खेळाडूंची ताकद १०. कोणाला धावेचे गुण कमी करावेसे वाटतील तर जरूर करावेत, मात्र क्रमवारी लावायला बसण्याआधी करावेत. आवडता संघ खाली घसरताना दिसल्यावर नव्हे.

या मापाने पहिला क्रमांक १९७४ च्या स्टीलर्सचा येतो. जो ग्रीन, एल. सी. ग्रीनवूड, एर्नी होम्स आणि ड्वाइट व्हाइट या चौघांची ती फळी. ग्रीन त्या हंगामात सेंटर आणि गार्ड यांच्यामधल्या फटीसमोर तिरपा उभा राहू लागला, आणि त्याला आवरायला दोघे लागत असल्याने समोरची अख्खी रचना विस्कटत असे. बाद फेरीत त्यांनी धावेत बफेलो बिल्सच्या ओ. जे. सिम्प्सनला ४९ यार्डांवर, रेडर्सच्या सगळ्या संघाला २९ यार्डांवर आणि सुपर बोलमध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जला १७ यार्डांवर रोखले. न्यूमोनियाने आजारी असलेला व्हाइट थेट इस्पितळातून येऊन तो अंतिम सामना खेळला आणि त्यानेच सेफ्टीचे (प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच शेवटच्या रेषेमागे पाडल्याचे) पहिले दोन गुण मिळवले. व्हायकिंग्जचे सहा गुणही स्टीलर्सचा पंट (लाथेने दूर मारायचा चेंडू) अडवून मिळालेले होते. त्यांच्या आक्रमणाला एकही गुण करता आला नाही.

१९८५ चे बेअर्स दुसरे, वर सांगितलेल्या वजावटीमुळेच. तिसरे १९६९ चे व्हायकिंग्ज, ज्यांच्या कार्ल एलर, अॅलन पेज, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन या फळीमागच्या बचावाने १४ सामन्यांत फक्त १३३ गुण दिले. पेज तर पुढे १९७१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, जो मान तोवर कोणत्याही बचावपटूला मिळाला नव्हता. सुपर बोलमधला २३-७ असा पराभव त्यांना वर चढू देत नाही. रेव्हन्सना मी पहिल्या पाचांत घेत नाही, कारण धावेत त्यांच्या तोडीचे कोणी नसले तरी चौघांच्या दबावात ते मागे पडतात.

चौथ्या जागेसाठी २००७ चे न्यूयॉर्क जायंट्स आणि २०२४ चे ईगल्स यांच्यात खरी चुरस आहे. जायंट्सने हंगामाच्या पहिल्या दोन सामन्यांत ८० गुण दिले होते, तर ईगल्सनी अंतिम सामन्यात ब्लिट्झशिवाय सहा सॅक केले, हे मुद्दे ईगल्सच्या बाजूचे आहेत. पण समोर कोण होते, तेही पाहिले पाहिजे. महोम्सच्या डाव्या बाजूला त्या दिवशी मूळचा गार्ड असलेला जो थुनी टॅकलच्या जागी उभा होता. जायंट्सच्या समोर मात्र हंगामात ५८९ गुण करणारे, एकही सामना न हरलेले न्यू इंग्लंड पेट्रियट्स होते, आणि त्यांच्या अडवणाऱ्या पाचांपैकी तिघांची त्या वर्षी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यासाठी निवड झाली होती. संपूर्ण हंगामात त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी १६ सामन्यांत २१ वेळा पडला होता. मायकल स्ट्रेहॅन, ओसी युमेनयोरा आणि जस्टिन टक यांच्या फळीसमोर तो एका सामन्यात पाच वेळा पडला, आणि जायंट्स १७-१४ ने जिंकले. म्हणून चौथी जागा जायंट्सची आणि पाचवी ईगल्सची.