गुगलवरचा ‘एक नंबर’ कसा तपासायचा

बिलाची तारीख जवळ आली की तुमची साइट गुगलवर वर आणायचं काम घेतलेला एजन्सीवाला फोन पुढे करतो, ‘होमस्टे इन फोंडा’ असं सर्च करतो आणि तुमचं नाव सगळ्यात वर असल्याचं दाखवतो. त्यातून कळतं ते एवढंच: या फोनवर, या जागी, या क्षणी, हा कीवर्ड टाकल्यावर गुगलने तुम्हाला वर ठेवलं. मुंबईहून खोली शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला काय दिसतं, ते त्यात कुठेच नाही.

ज्यांचा धंदा सर्चवर चालतो, मग ती पणजीतली खानावळ असो की पेडण्यातला होमस्टे, त्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. आपण कितव्या क्रमांकावर दिसलो, हे मोजता येतं. त्या क्रमांकावर का ठेवलं, ते गुगलचं मत असतं. एजन्सीशी होणारी निम्मी भांडणं या दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे होतात.

मत नेमकं कुठे शिरतं

भजनस्पर्धेत परीक्षकांच्या गुणांची बेरीज सहसा बरोबरच असते. पण सुराला किती गुण आणि पखवाजाला किती, हे आधीच कोणीतरी ठरवलेलं असतं. सर्चचंही तसंच. जवळपासची दुकानं दाखवताना गुगल तीन गोष्टी बघतो: विचारलेल्याशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक. कशाला किती वजन द्यायचं ते तो जाहीर करत नाही. म्हणून आकडे आपलेच घेऊन बघू. पहिल्या खानावळीला अंतराचे ९ आणि लौकिकाचे ६ गुण; दुसरीला ५ आणि ९. अंतराला ६० टक्के वजन दिलं तर पहिलीला ७.८ आणि दुसरीला ६.६, म्हणजे पहिली वर. अंतराला ४० टक्के दिलं तर पहिलीला ७.२ आणि दुसरीला ७.४, आता दुसरी वर. दोन्ही बेरजा बिनचूक आहेत आणि दोन्ही खानावळींत काडीचाही बदल झालेला नाही.

पेजरँक म्हणजे लिंकवरून पानाचं महत्त्व मोजायची गुगलची पद्धत; तिच्यातही हेच होतं. गुगलचे संस्थापक ब्रिन आणि पेज यांनी १९९८च्या आपल्या निबंधात त्याला वस्तुनिष्ठ माप म्हटलं. कोणत्या पानाला कुठून किती लिंक येतात यावर ते गणित चालतं, त्यामुळे त्या अर्थाने ते बरोबरही होतं. पण वाचक ८५ टक्के वेळा पानावरच्या लिंकवरूनच पुढे जातो आणि उरलेल्या १५ टक्के वेळा भलतीकडे उडी मारतो, हे प्रमाण त्यांनी निवडलेलं. प्रमाण बदललं की काही पानांचा क्रम बदलतो. शिवाय लिंक म्हणजे महत्त्व, हे गृहीत धरणंही एक निवडच.

अमेरिकेत सर्च किंग नावाच्या कंपनीचा पेजरँक दहापैकी ८ वरून ४ वर घसरला, तेव्हा तिने गुगलवर दावा लावला. ओक्लाहोमातल्या फेडरल कोर्टाने २००३ मध्ये तो फेटाळला. पेजरँक म्हणजे एखाद्या साइटच्या महत्त्वाबद्दलचं मत, ते खरं की खोटं हे सिद्ध करता येत नाही, आणि तिथल्या घटनेनुसार मत मांडायला संरक्षण आहे, असा निकालाचा गाभा.

मत म्हटलं म्हणजे हवं ते करायची मुभा, असं मात्र नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये गुगलला १३५.८६ कोटींचा दंड ठोठावला. आयोगाला आढळलेल्या गोष्टींपैकी एक बघण्यासारखी आहे: २०१० पूर्वी बातम्या, चित्रं वगैरेंचे एकत्रित निकाल पहिल्या, चौथ्या किंवा दहाव्या जागी बसवायचं आधीच ठरलेलं होतं; त्यात निव्वळ उपयुक्ततेचा हिशेब नव्हता. पाहणारा समजतो की सगळा क्रम एकाच कसोटीवर लागला आहे, आणि काही खुर्च्या आधीच राखून ठेवलेल्या. गाऱ्हाणं करण्याजोगी गोष्ट ही.

क्रमांक मोजायची रीत

आधी कीवर्डची यादी करा, दहा पुरेत. मालकाला सुचतात ते कीवर्ड नकोत, गिऱ्हाईक टाकतं ते हवेत. गोव्यात एकाच गावाची स्पेलिंगं अनेक, आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा येऊ शकतो. रोमन लिपीत ‘पणजी’ आणि ‘पंजिम’, ‘मडगाव’ आणि ‘मारगाव’, ‘म्हापसा’ आणि ‘मापुसा’ हे सगळे स्वतंत्र कीवर्ड धरा. देवनागरीतला एक तरी ठेवा. स्वतःच्या दुकानाचं नाव यादीत घालू नका. त्यावर पहिलं येण्यात काही कर्तबगारी नाही, आणि अहवालात तेच आधी घुसवलं जातं.

मग जागा ठरवा. कॉम्प्युटरवर क्रोमची इन्कॉग्निटो विंडो उघडा, एफ-१२ दाबा, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘सेन्सर्स’ शोधा आणि लोकेशनमध्ये अक्षांश-रेखांश भरा. पणजीला १५.४९ आणि ७३.८३, म्हापशाला १५.५९ आणि ७३.८१, मडगावला १५.२७ आणि ७३.९६, फोंड्याला १५.४० आणि ७४.०१. गुगलचं पान उघडून लोकेशनची परवानगी द्या, आणि पानाच्या तळाशी जागेचं नाव असतं तिथे लोकेशन अपडेट करा. ते नाव वाचल्याशिवाय एकही नोंद करायची नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. इन्कॉग्निटोमुळे तुमची जुनी हिस्टरी बाजूला राहते, जागा लपत नाही. आणि मोबाइल डेटावर असाल तर तुम्ही वाळपईत बसलेले असताना गुगल तुम्हाला मुंबईत किंवा पुण्यात धरू शकतो.

बाहेरगावचं गिऱ्हाईक हवं असेल तर मुंबई किंवा बेळगाव हे पाचवं ठिकाण घ्या. हॉटेलवाल्यांना तर गोव्यातल्या ठिकाणांपेक्षा तेच जास्त उपयोगी.

मोजताना तीन रकाने करा: जाहिराती, नकाशाखालची दुकानं, आणि साधे निकाल. ‘प्रायोजित’ लिहिलेलं पैसे देऊन मिळवलेलं असतं, ते क्रमांकात धरायचं नाही. नकाशात दुसरे आणि साध्या निकालांत अकरावे असाल तर दोन्ही लिहा. एकच आकडा करायला गेलात तर दोन्ही माहिती हातची जाईल. दहा कीवर्ड आणि चार ठिकाणं म्हणजे एका फेरीत चाळीस नोंदी. आठवड्यातून तीन दिवस, वेगवेगळ्या वेळी फेरी करा.

सरासरी काढू नका. समजा नोंदी २, ३, ३, ४ आणि १९ अशा आहेत. सरासरी येते ६.२, आणि सहाव्या जागेच्या आसपास तुम्ही एकदाही दिसला नाहीत. आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला घ्या, इथे ३, आणि शेजारी ‘२ ते १९’ हा पल्ला लिहा. पल्ला मोठा असेल तर तुमच्याबद्दल गुगलचं मत अजून पक्कं झालेलं नाही, असं समजायला हरकत नाही.

सर्च कन्सोल म्हणजे साइटमालकांना आपल्या साइटचे सर्चमधले आकडे दाखवणारं गुगलचं साधन; त्यातला ‘सरासरी क्रमांक’ याहून फसवा. तुमची लिंक ज्या सर्चमध्ये दिसली, तेवढेच त्यात धरले जातात. गेल्या महिन्यात तुम्ही १०० वेळा चौथ्या जागी दिसलात, सरासरी ४. या महिन्यात ते १०० तसेच, आणि एका नव्या कीवर्डवर आणखी १०० वेळा तिसाव्या जागी दिसलात. सरासरी १७! मालक घाबरतो, पण गमावलं काहीच नाही. उलटही होतं: खालच्या जागा पार नाहीशा झाल्या की सरासरी सुधारते. म्हणून एकेका कीवर्डची गाळणी (फिल्टर) लावूनच आकडा बघा. देशाची गाळणी तिथे मिळते, शहराची मिळत नाही. शहरासाठी वरची हाताने केलेली नोंदच लागते. आणि कन्सोल १६ महिन्यांपलीकडचं दाखवत नाही, त्यामुळे हंगामाशी हंगाम ताडायचा असेल तर आकडे वेळेवर उतरवून ठेवा.

चुकलं की पटलं नाही?

‘मडगाव स्टेशनचा कोड’ याचं उत्तर एमएओ, एकच. तिथे दुसरं काही वर आलं तर ती चूक. ‘पणजीतली चांगली फिश थाळी’ याला असं एकच उत्तर नाही. पहिले दहा निकाल कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, तीन गिऱ्हाइकांना एकमेकांशी न बोलता क्रम लावायला सांगा. तिघांचे क्रम बरेच जुळले, पण गुगलचा फार वेगळा असला, तर सुधारण्याजोगं काही आहे: साइटवर मेन्यू नसेल, फोटो जुने असतील. तिघांचेच आपसात जुळले नाहीत तर तिथे ‘बरोबर’ क्रमच नाही, आणि तुमचा चौथा नंबर हा अन्यायही नाही. याच कीवर्डवर बिंग हे दुसरं सर्च इंजिनही बघा. डकडकगो या आणखी एका सर्च इंजिनचे निकाल बरेचसे बिंगकडूनच येतात, त्यामुळे त्याला तिसरं स्वतंत्र मत धरू नका.

एजन्सीच्या करारात ‘पहिल्या नंबरची हमी’ लिहून घेऊ नका. दुसऱ्याचं मत कोणी हमीने विकू शकत नाही; विकणारा बहुधा विकत घेतलेल्या लिंक चिकटवतो, आणि कारवाई होते ती तुमच्या साइटवर. क्रमांक एकदम कोसळला तर सर्च कन्सोलमध्ये ‘मॅन्युअल अॅक्शन्स’ (गुगलने तुमच्या साइटवर केलेल्या कारवाईची नोंद) आधी उघडा. तिथे काही नसेल तर पान इंडेक्समध्ये, म्हणजे गुगलच्या पानांच्या यादीत, आहे का ते बघा. करारात कामं लिहा: किती पानं, कोणते कीवर्ड, कुठल्या ठिकाणांवरून आणि कशी मोजणी.

क्रमांकाबद्दल गुगलकडे तक्रार करून फारसं काही होत नाही. माहिती चुकीची असेल तर ती दुरुस्त होते, आणि तिथेच वेळ घालवावा. नकाशावरची पिन नदीपलीकडे पडलेली, फोन जुना, वेळा चुकीच्या, हे बिझनेस प्रोफाइलमधून, म्हणजे गुगलवरच्या तुमच्या दुकानाच्या नोंदीतून, बदला. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्यांनी पावसाळ्याआधी ‘तात्पुरतं बंद’ लावावं; ‘कायमचं बंद’ चुकूनही नाही. आणि हंगाम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, गिऱ्हाईक गोव्याची आखणी करू लागलं की, ते काढून नव्या वेळा भराव्यात.