अंगकोरला जाताय? निदान या चुका तरी टाळा

"ताई, अजून किती देवळं राहिलीत?"

दर फेरीत दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला हा प्रश्न येतोच. विचारणारा माणूस बदलतो, वेळ बदलत नाही. लहान लहान गट घेऊन कंबोडियाला, अंगकोरची जुनी देवळं बघायला, जायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. लोकांचे कॅमेरे बदलले, जिथे मुक्काम असतो त्या सिएम रीपचा विमानतळ गावापासून बराच लांब गेला, पण चुका त्याच आहेत. त्यातल्या काही मी स्वतःही केल्या आहेत, तेही सांगते.

पंचवीस डॉलर वाचवणे

अंगकोरचा एका दिवसाचा पास 37 डॉलरना, तीन दिवसांचा 62 ला आणि सात दिवसांचा 72 ला. हे दर 2017 पासूनचे. तीन दिवसांचा पास सलग तीन दिवसच वापरायचा नसतो, तो दहा दिवसांत कधीही तीनदा चालतो. सात दिवसांचा महिनाभर चालतो. हे वाचून सुद्धा लोक एका दिवसाचा पास काढतात, कारण कुणाच्या तरी भाच्याने "एका दिवसात सगळं होतं" म्हणून सांगितलेलं असतं. होतं ना. पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शनही होतंच.

पासवर तुमचा फोटो असतो, दुसऱ्याला देता येत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला काढला तर तो दुसऱ्या दिवसापासून धरतात आणि त्या संध्याकाळी सूर्यास्त बघायला फुकट सोडतात. तेवढा हिशेब करा, पंचवीस डॉलरचा नको.

आणि मधे एक दिवस देऊळ बघू नका. अजिबात नाही. बाजारात जा, झोपा, पाय चोळून घ्या. माझ्या गटात हा दिवस सक्तीचा असतो. आधी लोक कुरकुरतात, "एवढे पैसे भरून झोपायला आलोय का?" मग झोपतात.

अंगकोर वाट सगळ्यात आधी बघणे

जवळजवळ प्रत्येक छापील कार्यक्रमात पहिल्या दिवशी पहाटे अंगकोर वाट हे तिथलं सगळ्यात मोठं देऊळ असतं. मला हे पटत नाही. जेवणाची सुरुवात पुरणपोळीने केली तर वरणभात कोण खाणार? मी आधी रोलुओसच्या जुन्या देवळांकडे नेते. तिथलं प्रेआ को 879 चं, बाकोंग 881 चं. शांत असतात, तासाभरात बघून होतात, आणि या लोकांनी सुरुवात कुठून केली ते कळतं. मग 967 चं बांतेय स्रेई, मग अंगकोर वाट, आणि सगळ्यात शेवटी बायोन. या क्रमाने गेलं की विटा जाऊन दगड कसा आला, बुटकं देऊळ डोंगराएवढं कसं झालं, हे कुणी न सांगताही दिसतं. टूरवाला नाही म्हणाला तर भांडा. व्हॅन तीच, ड्रायव्हर तोच, फक्त कागदावरचे दिवस बदलायचे असतात.

"आम्हाला रामायण-महाभारत माहीत आहे"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ती फक्त आपलीच माणसं करतात. फ्रेंच आणि कोरियन लोक गाइडचं मुकाट ऐकतात, कारण त्यांना गोष्ट माहीत नसते. आपण गाइडला गोष्ट सांगायला लागतो.

एका वर्षी गटात एक निवृत्त शिक्षक होते. संस्कृतचे. विद्वान आणि सज्जन माणूस, पण कुणाचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत. अंगकोर वाटच्या बाहेरच्या ओवऱ्यांमध्ये भिंतभर शिल्पपट आहेत. गाइड आम्हाला पश्चिमेच्या दारातून आत आणून उजवीकडे वळायला लागला, तर सर डावीकडे निघाले. "देवळात प्रदक्षिणा उजवी घालतात. देऊळ आपल्या उजव्या हाताला पाहिजे." अर्धा गट सरांमागे गेला. कोण कशाला वाद घालेल?

आता इथली गंमत अशी, की हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि त्याचे शिल्पपट उलट्या दिशेने वाचायचे आहेत. उजवीकडे वळायचं आणि देऊळ डाव्या हाताला ठेवून चालायचं. मग आधी कुरुक्षेत्र लागतं, पुढे दक्षिणेच्या ओवरीत हे देऊळ बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्मा राजाची मिरवणूक, मग स्वर्ग आणि 32 नरक, मग पूर्वेला समुद्रमंथन, आणि फेरी पुरी होता होता शेवटी लंकेचं युद्ध. श्राद्धाला जानवं अपसव्य करतात ना, तसलीच ही दिशा. म्हणूनच या देवळाचा संबंध राजाच्या मृत्यूनंतरच्या विधींशी असावा असं बरेच अभ्यासक मानतात. हे सगळं गाइड सांगणार होता. सर लंकेत पोहोचले होते.

कसेबसे सगळ्यांना समुद्रमंथनापाशी गोळा केलं. जवळजवळ पन्नास मीटर लांब पट आहे. मधे विष्णू, खाली कूर्म, एका बाजूला असुर, दुसऱ्या बाजूला देव, मधून वासुकी. गाइड म्हणाला, "शेपटीच्या टोकाला बघा, वानर आहे. आम्ही त्याला हनुमान म्हणतो." झालं. सर म्हणाले, "समुद्रमंथनात हनुमान कुठून आला? तुमच्या लोकांनी गोंधळ घातलाय."

गाइड हसला आणि पुढचं वाक्य गिळलं. ते मी पाहिलं. त्यानंतर तासभर तो फक्त सनावळ्या सांगत होता. चांगला गाइड असा बंद झाला की तुमच्या पैशांतले निम्मे तिथेच बुडाले. वादात तो पडणार नाही, पाहुण्याशी भांडणं त्यांच्या रीतीत बसत नाही. तो फक्त गप्प होईल आणि तुम्हाला वाटेल, याला काही येत नाही.

आम्हाला वाचवलं ते नऊ वर्षांच्या एका मुलीने. ती भिंतीच्या खालच्या कडेला बघत होती. "काका, हे मासे अर्धेच का आहेत?" गाइड उजळला. तिच्या उंचीला वाकून त्याने दाखवलं: कडेला मासे, मगरी धडधाकट पोहतायत, आणि मंदराजवळ जावं तसे त्यांचे तुकडे झालेत, कुठे डोकं, कुठे नुसती शेपटी. घुसळण्याचा जोर दगडात दाखवायला त्या कारागिराने मासे कापले. मग त्याने तिला देव आणि असुर मोजायला लावले. दोन्हीकडे सारखे असतील असं आपण धरून चालतो. असुर 92 आहेत आणि देव 88. सरही मोजायला लागले, आणि मोजताना माणसाला बोलता येत नाही.

तेव्हापासून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गटाला एकच विनंती करते: पहिला अर्धा दिवस "आमच्याकडे असं नाही" हे वाक्य म्हणायचं नाही. आमच्याकडे काय आहे ते आपल्याला घरी बसूनही ठाऊक होतं. वेरूळच्या कैलासात कैलास हलवणारा रावण आहे, तोच बांतेय स्रेईच्या दारावरही आहे. पण तिथल्या डोंगरावरचे घाबरलेले प्राणी आणि ऋषी जरा वेळ देऊन बघा. ते बघायलाच तर गेलो.

कालनिर्णय घरी ठेवून जाणे

ही चूक माझी.

अंगकोर वाटच्या सगळ्यात वरच्या टप्प्याला बाकान म्हणतात. वर एका वेळी शंभर माणसं सोडतात, दगडी पायऱ्या फार उभ्या म्हणून त्यांवर लाकडी जिना बसवलाय, तोही पुरेसा उभा आहे. माझ्या दुसऱ्याच फेरीत सत्तरीच्या एक काकू होत्या. त्या जिन्यासाठी त्यांनी तीन महिने सोसायटीची लिफ्ट वापरली नव्हती. आम्ही पोहोचलो तर जिन्याला दोरी. रखवालदाराने पाटीकडे बोट दाखवलं: आज बौद्धांचा पवित्र दिवस, बाकान बंद.

हे दिवस महिन्यातून चार येतात: शुद्ध अष्टमी, पौर्णिमा, वद्य अष्टमी, अमावास्या. आदल्या रात्री आम्ही सगळे हॉटेलच्या गच्चीवर उभे राहून "काय चंद्र आलाय!" म्हणत होतो. चौदा मराठी माणसं, आणि उद्या पौर्णिमा आहे याचा अर्थ एकाच्याही डोक्यात आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचं विमान होतं. काकू काही बोलल्या नाहीत. दोरीजवळच्या दगडावर पाच मिनिटं बसल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "चल, पुढचं दाखव." त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तारखा ठरवतानाच मी पंचांग बघते. त्यांच्या आणि आपल्या तिथीत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून गाइडलाही विचारून घेते, आणि बाकान कधीच शेवटच्या दिवशी ठेवत नाही. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. "ओढणी घेते ना वरून" हे तिथे चालत नाही, बाह्यांचा कपडा घाला. बारा वर्षांखालच्या मुलांना वर सोडत नाहीत, त्यांना आधीच सांगा म्हणजे जिन्यापाशी रडारड नको.

सूर्योदय झाल्याबरोबर नाश्त्याला पळणे

पहाटे पाचला अंगकोर वाटसमोर डावीकडच्या तळ्याकाठी जत्रा असते. हजारो मोबाइल वर. सूर्य वर आला की ही सगळी जत्रा न्याहारीसाठी हॉटेलकडे धावते, आणि देऊळ ओस पडतं. ती वेळ तुमची. मी आदल्या रात्रीच केळी आणि पाव बांधून घेते. शिवाय सूर्य देवळाच्या मागून येतो, सकाळी समोरून फक्त काळी आकृती मिळते. दर्शनी भागावर ऊन हवं असेल तर दुपारी चारनंतर या.

बाकीच्या, भराभर

बांतेय स्रेई दुपारी ठेवू नका. पूर्वाभिमुख देऊळ आहे, तो गुलाबी दगड सकाळच्या उन्हात बघायचा. लहान आहे म्हणून "एवढंच?" म्हणू नका, जवळ जा.

क्बाल स्पेअनला नदीच्या पात्रात कोरलेली लिंगं आहेत. दीड किलोमीटर जंगलातला चढ आहे, चप्पल घालून येणाऱ्यांना मी आता खालीच बसवते.

सूर्यास्ताला फ्नोम बाखेंग या टेकडीवरच्या देवळात तीनशेच माणसं सोडतात. पाचला पोहोचून रांगेत चिडण्यापेक्षा सरळ प्रे रुपच्या देवळाकडे जा.

ता प्रोममध्ये देवळावर वाढलेल्या त्या एका झाडापुढे फोटोसाठी चाळीस मिनिटं उभं राहणाऱ्यांना माझा नमस्कार. ते देऊळ सातव्या जयवर्मा राजाने 1186 मध्ये आईसाठी उभारलं, तिथल्या दुरुस्तीत आपलं भारतीय पुरातत्त्व खातंही आहे, ते काम बघा. झाडंच हवी असतील तर त्याच राजाने 1191 मध्ये वडिलांसाठी बांधलेलं प्रेआ खान आहे, गर्दी पुष्कळ कमी.

कोह केर आणि कुलेनचं तिकीट वेगळं असतं. पास दाखवून हुज्जत घालू नका.

अकरा ते दोन उन्हात फिरू नका. एप्रिलमध्ये तर जाऊच नका.

गाइड परवानाधारक आहे ना ते बघा. रेशमाच्या दुकानात गाडी थांबली तर उतरलंच पाहिजे असं नाही.

पोस्टकार्ड विकणाऱ्या मुलांकडून काही घेऊ नका. विक्री चालली की शाळा सुटते.

डॉलरच्या नोटा कोऱ्या न्या. जराशी फाटलेली नोट कुणी घेत नाही, आणि तीच नोट तुम्हाला परत देताना मात्र खपवायला बघतात, तेव्हा मोड घेताना कडा तपासा.

शाकाहारी असाल तर "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, भाजीतही माशाचं पाणी पडतं. माझ्याकडे ख्मेरमध्ये लिहून घेतलेली चिठ्ठी असते: मांस नाही, मासा नाही, माशाचं पाणी नाही, प्रहोक (आंबवलेल्या माशांचं वाटण) नाही. वाढपी ती वाचतो, आत जाऊन स्वयंपाकिणीला दाखवतो, आतून मोठ्याने हसण्याचा आवाज येतो, आणि मग भात येतो.