नव्या प्रोसेसरचा लॅपटॉप घेताना कंपन्यांची तुलना : या चुका टाळा

मे महिन्यातल्या एका दुपारी, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले होते. एक माझ्या भाच्याचा, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी नुकताच घेतलेला; दुसरा शेजारच्या काकांचा, त्यांच्या हिशेबाच्या कामाचा. कंपन्या वेगळ्या होत्या, पण प्रोसेसर शेवटच्या अक्षरापर्यंत एकच होता. भाच्याची तक्रार अशी की, त्याचा लॅपटॉप महाग असूनही काकांच्या लॅपटॉपपेक्षा संथ चालतो. आम्ही दोन्हींवर सिनेबेंच ही प्रोसेसरचा वेग मोजणारी चाचणी दहा मिनिटे चालवली. पहिली दोन मिनिटे दोन्ही बरोबरीने चालले. त्यानंतर भाच्याच्या लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला, कीबोर्डच्या वरची पट्टी हात टेकवेना इतकी तापली आणि टास्क मॅनेजरमधला वेगाचा आकडा साडेतीन गिगाहर्ट्झवरून घसरत दोनच्या खाली आला. काकांचा जाडसर, दिसायला साधा लॅपटॉप मात्र शेवटपर्यंत तीनच्या आसपास टिकून राहिला.

भाच्याने खरेदीपूर्वी पंधरा दिवस कंपन्यांची तुलना केली होती. त्याच्या वहीत चार कंपन्यांची नावे, प्रत्येकीपुढे प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि किंमत असे चार रकाने होते. लॅपटॉपचा खरा फरक ज्या गोष्टींत असतो, त्यांच्यासाठी वहीत रकानाच नव्हता. बहुतेक कुटुंबांची खरेदी अशाच वहीवरून होते, म्हणून त्यातल्या चुका सविस्तर लिहीत आहे.

नावावरून ‘नवी पिढी’ ठरवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कोणत्याही दुकानात शिरलात तरी ‘भैया, एकदम लेटेस्ट जनरेशन है’ हे वाक्य ऐकू येते आणि ते बोलणारा खोटे बोलत असतो असेही नाही. अडचण अशी की, प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांनीच नावांची रचना अशी केली आहे की नवे नाव आणि नवी रचना या दोन गोष्टी एकत्र येतीलच याची खात्री राहिलेली नाही.

इंटेलने डिसेंबर २०२३ मध्ये ‘कोअर अल्ट्रा’ हे नाव आणले आणि ‘आय ५’, ‘आय ७’ मधले ‘आय’ सोडून दिले. त्यानंतर महिन्याभरातच ‘कोअर ५ १२०यू’ आणि ‘कोअर ७ १५०यू’ असे, ‘अल्ट्रा’ हा शब्द नसलेले प्रोसेसर आले. त्यांच्या आत तेराव्या पिढीपासून चालत आलेली रॅप्टर लेक ही रचनाच होती. फलकावर दोन्ही नावे नवीच दिसतात. पुढच्या मालिकेत गुंता आणखी वाढला. ‘कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही’, ‘कोअर अल्ट्रा ७ २५५एच’ आणि ‘कोअर अल्ट्रा ७ २५५यू’ ही तीन नावे सख्ख्या भावंडांसारखी वाटतात, पण तिघांचा पिंड वेगळा आहे. व्ही अक्षराच्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) असतात, रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली असते आणि भर बॅटरी जास्त टिकण्यावर असतो. एच अक्षराच्या प्रोसेसरमध्ये सोळा कोअर असून तो जड कामासाठी आहे. यू अक्षराचा प्रोसेसर कमी विजेवर चालणाऱ्या, सडपातळ लॅपटॉपसाठी आहे आणि त्याची रचना आधीच्या मालिकेतल्या रचनेचीच सुधारित आवृत्ती आहे. म्हणून ‘अल्ट्रा ७ आहे ना’ एवढ्यावर न थांबता शेवटचे अक्षर वाचलेच पाहिजे.

एएमडीच्या बाबतीत २०२३ पासूनच्या चार अंकी क्रमांकांत एक किल्ली दडलेली आहे आणि ती पाठ करण्याजोगी आहे. पहिला अंक वर्ष सांगतो : ७ म्हणजे २०२३ आणि ८ म्हणजे २०२४. मूळ रचना कोणती, हे तिसरा अंक सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा अंक २ आहे, म्हणजे रचना झेन २ ही, जी पहिल्यांदा २०१९ मध्ये आली होती. ७५३०यू मध्ये झेन ३ आहे आणि ७८४०यू मध्ये झेन ४. तिन्ही ‘सात हजार मालिका’ म्हणून एकाच मांडणीवर ठेवलेले दिसतात, पण पहिल्या आणि तिसऱ्यात दोन पिढ्यांचे अंतर आहे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या रायझन एआय ३०० मालिकेत झेन ५ आहे, तर २०२५ मधल्या ‘रायझन ७ २५०’ सारख्या प्रोसेसरमध्ये आधीच्या मालिकेतलीच झेन ४ रचना नव्या क्रमांकाखाली आली आहे.

जुनी रचना वाईटच असते, असे माझे म्हणणे नाही. टंकलेखन, ऑनलाइन वर्ग आणि बँकेचे व्यवहार एवढ्यासाठी झेन ३ चा लॅपटॉप आजही चांगला चालतो आणि कमी किमतीत मिळत असेल तर तो अवश्य घ्यावा. मात्र नव्याची किंमत मोजून जुने घरी येऊ नये, एवढी काळजी घ्यावी.

कंपनीची कंपनीशी तुलना

‘डेल चांगला की एचपी?’ या प्रश्नाला उपयोगी उत्तर नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मालिकांमधला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. लेनोव्होची आयडियापॅड स्लिम ३ आणि थिंकपॅड टी मालिका यांचे सांगाडे, बिजागऱ्या, कीबोर्ड आणि वॉरंटीच्या अटी सगळेच वेगळे असते. असूसचे व्हिवोबुक आणि झेनबुक, एसरचे अस्पायर आणि स्विफ्ट यांचेही तसेच आहे. त्यातच नावे बदलत राहतात : एचपीने २०२४ पासून घरगुती वापराच्या लॅपटॉपसाठी ऑम्नीबुक हे नाव आणले आणि डेलने जानेवारी २०२५ मध्ये इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड, एक्सपीएस ही नावे बाजूला ठेवून डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स अशी नवी मांडणी जाहीर केली. दहा वर्षांपूर्वी मामांनी घेतलेल्या लॅपटॉपचा अनुभव आजच्या मॉडेलला लावता येत नाही, तो याचसाठी.

तुलना करायची ती संपूर्ण मॉडेल क्रमांकाची. मालिकेच्या नावानंतर येणारी अक्षरे आणि अंक कंटाळवाणे वाटतात, पण पडदा कोणता, रॅमच्या जागा किती, बॅटरी किती वॉट-अवरची, हे त्यांच्यावरूनच ठरते. दुकानात खोक्यावरच्या पट्टीचा फोटो काढावा आणि घरी येऊन कंपनीच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक शोधावा. लेनोव्होने यासाठी पीएसआरईएफ नावाचे स्वतंत्र संकेतस्थळच ठेवले आहे आणि त्यावर प्रत्येक मॉडेलचा तपशील मिळतो.

वॉटचा रकाना नसणे

आमच्या टेबलावर घडलेल्या प्रसंगाचे मूळ इथे आहे. इंटेल कोअर अल्ट्रा ७ १५५एच चे उदाहरण घेऊ. त्याचा मूळ वीजवापर २८ वॉट आहे आणि थोड्या वेळासाठी तो ११५ वॉटपर्यंत जाऊ शकतो. या दोन आकड्यांच्या दरम्यान किती वॉट सतत द्यायचे, हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते आणि तो निर्णय पंखे किती, तांब्याच्या नळ्या किती जाड, हवा आत यायला जागा किती, यावर अवलंबून असतो. दीड सेंटिमीटर जाडीच्या देखण्या लॅपटॉपला उष्णता बाहेर टाकणे जमले नाही की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून स्वतःला वाचवतो.

बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराचे तापमान ३५ अंशांपर्यंत दिलेले असते. माळव्यातल्या रात्री थंड म्हणून कितीही नावाजलेल्या असोत, मे महिन्यात इंदूरचा पारा दुपारी चाळिशी ओलांडतो आणि कूलर बंद असलेल्या खोलीत हा फरक स्पष्ट जाणवतो. म्हणून एखाद्या मॉडेलचे परीक्षण वाचताना वेगाच्या चाचणीतल्या पहिल्या फेरीचा गुणांक बाजूला ठेवून दहा किंवा तीस मिनिटांनंतरचा गुणांक पाहावा.

ग्राफिक्स कार्डाचा नियम हाच आहे. लॅपटॉपमधले आरटीएक्स ४०५० हे कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवता येते, आणि पेटीवर नाव मात्र एकच छापलेले असते. टीजीपी, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला मिळणारी कमाल वीज, किती, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा. उत्तर मिळाले नाही तर कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावे आणि तिथेही नसेल तर ते मॉडेल यादीतून काढून टाकावे.

रॅमचा फक्त आकडा पाहणे

‘१६ जीबी’ लिहिले की काम झाले, असे वाटते. प्रत्यक्षात १६ जीबीची एकच स्टिक (रॅमची सुटी पट्टी) आणि ८ जीबीच्या दोन स्टिक यांत फरक आहे, कारण दोन स्टिक असताना प्रोसेसर दोन मार्गांनी एकाच वेळी माहिती उचलतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये याचा परिणाम सर्वाधिक होतो. कोअर अल्ट्राच्या एच प्रोसेसरमधले ‘आर्क’ ग्राफिक्स पूर्ण स्वरूपात मिळण्यासाठी किमान १६ जीबी रॅम दोन मार्गांनी जोडलेली असावी, अशी इंटेलचीच अट आहे. एकच स्टिक असेल तर तेच ग्राफिक्स ‘इंटेल ग्राफिक्स’ या साध्या नावाने दिसते आणि मंद चालते.

दुसरा प्रश्न वाढीचा. सडपातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही. इंटेलच्या व्ही प्रोसेसरमध्ये तर ती १६ किंवा ३२ जीबी एवढीच, प्रोसेसरसोबतच येते. चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी लॅपटॉप घेताना, सोल्डर केलेली ८ जीबी रॅम असलेले मॉडेल कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, असे मी कळकळीने सांगेन.

‘एआय’च्या शिक्क्यावर आणि नव्या प्रकारच्या प्रोसेसरवर भाळणे

मायक्रोसॉफ्टचा कोपायलट प्लस हा शिक्का मिळण्यासाठी एनपीयूची (प्रोसेसरमधल्या, एआयची कामे करणाऱ्या भागाची) क्षमता किमान ४० टॉप्स (सेकंदाला ४० लाख कोटी गणिते), रॅम १६ जीबी आणि साठवण २५६ जीबी लागते. वर सांगितलेला २५८व्ही ही अट पूर्ण करतो, २५५एच करत नाही. तरीही जड संगणकीय कामात २५५एच सरस ठरतो. जो शिक्का आपल्या रोजच्या कामाला लागत नाही, त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे लॅपटॉप जून २०२४ पासून बाजारात आहेत. त्यांची बॅटरी खरोखर उत्तम टिकते, पण त्यांची रचना इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी, एआरएम प्रकारची असल्याने जुनी सॉफ्टवेअर अनुवादाच्या थरातून चालतात आणि ज्या उपकरणाला स्वतःचा ड्रायव्हर (ते चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) लागतो, त्याचा एआरएमसाठी बनवलेला ड्रायव्हर नसेल तर ते उपकरण चालतच नाही. कर सल्लागारांनी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, जुना प्रिंटर आणि स्कॅनर यांचे ड्रायव्हर आधी तपासावेत. काकांनी स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप घेण्याचे टाळले, ते टोकनमुळेच.

पडद्याबद्दल थोडक्यात : एनटीएससी आणि एसआरजीबी ही रंगांची मापे आहेत; ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेला पडदा रंगांना फिका असतो, छायाचित्रांचे काम असेल तर ‘१०० टक्के एसआरजीबी’ पाहावे आणि उजेडाच्या खोलीसाठी पडद्याची प्रखरता ३०० निट्सपेक्षा कमी घेऊ नये. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे की लॅपटॉप केंद्रावर न्यावा लागेल, आणि ते केंद्र इंदुरात आहे की नाही, हे बिल होण्याआधी विचारावे. व्यवसायासाठी घेत असाल तर १८ टक्के जीएसटीचे बिल स्वतःच्या जीएसटी क्रमांकावर करून घ्यावे.

लॅपटॉप घरी आला आहे आणि संथ वाटतो आहे

घाबरून परत करण्याआधी काही गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात. विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवर मोड कोणता आहे ते पाहावे. पुष्कळ लॅपटॉप संतुलित किंवा शांत मोडवरच येतात. कंपनीचा स्वतःचाही मोड असतो : लेनोव्होच्या अनेक मॉडेलमध्ये एफएन आणि क्यू, तर असूसच्या व्हिवोबुकमध्ये एफएन आणि एफ या कळा एकत्र दाबल्यावर तो बदलतो. मग चार्जर पाहावा, कारण ६५ वॉटच्या लॅपटॉपला मोबाइलचा कमी वॉटचा चार्जर लावला तर तो चार्ज होत असल्याचे दिसते आणि तरीही वेग दबलेला राहतो. कंपनीच्या ॲपमधून बायोस (लॅपटॉप सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे. पहिल्या दिवशी विंडोजची अद्यतने पाठीमागे चालू असतात, तेव्हा निदान एक दिवस थांबून मगच मत बनवावे.

लॅपटॉप दुकानात मांडून ठेवलेला तर नव्हता ना, अशी शंका असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेपुढे जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत टंकावे. तयार होणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसतात. नव्या लॅपटॉपमध्ये त्यांत मोठी तफावत असेल, तर बिलासह त्याच दिवशी दुकान गाठावे. अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून वॉरंटी कोणत्या तारखेपासून सुरू झाली आहे, तेही पाहून घ्यावे.

भाच्याच्या लॅपटॉपवर आम्ही याच क्रमाने गेलो. मोड शांत होता, तो बदलला. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वापरलेल्या जागा ‘दोनपैकी एक’ असे दिसले, तेव्हा दुसऱ्या दिवशी तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी स्टिक अधिकृत केंद्रातून बसवून घेतली. त्रिमितीय आरेखनाचे सॉफ्टवेअर, जे आधी अडखळत होते, ते सुरळीत चालू लागले. उष्णता मात्र तशीच राहिली, कारण सांगाडा बदलता येत नाही. आता तो जड काम रात्री करतो, लॅपटॉप गादीवर न ठेवता मागून उंचावलेल्या स्टँडवर ठेवतो आणि त्याच्या वहीत चारच्या जागी नऊ रकाने आहेत. ती वही सध्या माझ्या बहिणीकडे आहे, कारण धाकटीसाठी लॅपटॉप पाहणे सुरू झाले आहे.