दिवाळीच्या जुन्या रोषणाईत प्रोग्रॅम होणारे दिवे, दोन-अडीच हजारांत

गॅलरीत माळा आणि आकाशकंदील आधीपासून असेल, तर रंग बदलणाऱ्या दिव्यांसाठी सगळं उतरवायची गरज नाही. नवे दिवे दोनच ठिकाणी लावा: कंदिलात आणि ग्रिलच्या वरच्या कडेला. रस्त्यावरून नजर तिथेच जाते.

२३० व्होल्टची जुनी माळ कापून तिला प्रोग्रॅम करायला जाऊ नका. तिच्यातले दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले असतात, एकेकाला वेगळा हुकूम देता येत नाही, आणि सोललेली वायर थेट मेनवर असते. ती ठरल्या वेळी लावायला स्मार्ट प्लग पुरतो.

सामान

- ५ व्होल्टचे डब्ल्यूएस२८११ बुलेट पिक्सेल (एकेकाचा रंग वेगळा ठरवता येतो असे छोटे दिवे), ५० दिव्यांच्या दोन माळा, एकीपुढे एक जोडायच्या
- नोडएमसीयू ईएसपी८२६६ बोर्ड (दिव्यांना हुकूम देणारा वायफायवाला छोटा बोर्ड)
- ५ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (मेनच्या विजेचे ५ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) आणि तीन पिनची मेन कॉर्ड
- १.५ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर, प्रत्येकी ५ मीटर
- ३३० ओहमचा रेझिस्टर, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर

मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान लॅमिंग्टन रोडला, वायर आणि केबल टाय लोहार चाळीत. पिक्सेल घेताना व्होल्टेज विचारूनच घ्या. ५ आणि १२ व्होल्टचे दिसायला सारखेच असतात, आणि ५ चे १२ वर लावले की जळतात.

पॉवर: पैसे इथे घाला

पूर्ण पांढऱ्या उजेडात एक पिक्सेल ६० मिलिअँपिअरपर्यंत खेचतो. १०० पिक्सेल म्हणजे ६ अँपिअर. मोबाइलचा चार्जर इथे चालणार नाही. १० अँपिअरचा एसएमपीएस घेतला तर तो आरामात चालतो, तापत नाही. त्यावर ११०/२२० चा स्विच असेल तर आधी तो २२० वर आहे ना, हे बघा. अर्थ वायर जोडायचीच.

माळेच्या टोकाचे दिवे पांढऱ्याऐवजी तांबूस दिसले, तर दिवे खराब नसतात. बारीक वायरीत व्होल्टेज पडलेलं असतं. निळ्या-हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी ते मंदावतात. उपाय सोपा: जाड लाल-काळी वायर एसएमपीएसपासून दोन माळांच्या सांध्यावर आणि शेवटच्या टोकालाही न्या. अशा माळांना बहुधा दोन्ही टोकांना त्यासाठी सुट्या वायरी दिलेल्या असतात.

जोडणी

मेन बंद ठेवून:

१. एसएमपीएसचा प्लस माळेच्या लाल वायरीला आणि बोर्डच्या व्हीआयएन (वीज आत घेणाऱ्या) पिनला. मायनस माळेच्या काळ्या वायरीला आणि बोर्डच्या ग्राउंडला. ग्राउंड एकच नसेल तर दिवे वेड्यासारखे लुकलुकतात.
२. बोर्डच्या डी४ पिनपासून ३३० ओहमच्या रेझिस्टरमधून पहिल्या पिक्सेलच्या डेटा-इनला (सिग्नल आत घेणाऱ्या वायरीला).
३. कपॅसिटर माळेच्या प्लस-मायनसवर. पट्टी असलेला पाय मायनसला.

डेटाची वायर शक्यतो ३० सेंटिमीटरच्या आत ठेवा. बोर्ड ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो, ५ व्होल्टवरच्या पिक्सेलला साधारण ३.५ लागतो. छोट्या वायरीवर बहुतेक वेळा निभतं. नाहीच निभलं तर मध्ये ७४एएचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी आयसी (चिप) घाला. एकही दिवा लागला नाही, तर बहुधा माळ उलटी जोडलेली असते. मेन बंद करून टोक बदला.

प्रोग्रॅम

दिवे चालवणारं डब्ल्यूएलईडी (WLED) हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कोड लिहावा लागत नाही. माळा जोडण्याआधी बोर्ड यूएसबीने लॅपटॉपला लावा आणि क्रोममधून ते इन्स्टॉल करा. मग यूएसबी काढून एसएमपीएसवर चालवा. फोनवर डब्ल्यूएलईडी-एपी हे वायफाय दिसेल. त्याला जोडून ब्राउझरमध्ये ४.३.२.१ उघडा आणि घरचं वायफाय भरा. ते २.४ गिगाहर्ट्झचंच हवं.

एलईडीच्या सेटिंगमध्ये संख्या १००, पिन २ (डी४ म्हणजे हीच), कमाल करंट ५००० मिलिअँपिअर. मुळात तिथे ८५० असतं, आणि दिवे मिणमिणते राहतात ते त्यामुळेच. लाल मागितल्यावर हिरवा आला तर रंगांचा क्रम जीआरबीचा (हिरवा-लाल-निळा) आरजीबी (लाल-हिरवा-निळा) करा.

आता दोन सेगमेंट, म्हणजे माळेचे दोन भाग करा: ० ते ३० कंदील, ३० ते १०० ग्रिल. कंदिलात केशरी रंगावर 'कँडल' इफेक्ट लावा. कागदामागे तो पणतीसारखा हलतो. धावणारे रंग तिथे शोभत नाहीत, ते ग्रिलवर. कंदिलातला जुना बल्ब मात्र काढा, त्याच्या उजेडात पिक्सेलचा रंग बुडतो. ब्राइटनेस ४० टक्के पुरे, समोरच्या घरातल्यांनाही झोपायचं असतं.

वेळेसाठी एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणं) सुरू करून टाइमझोन आयएसटी निवडा. चालू आणि बंद असे दोन प्रीसेट (तयार सेटिंग) जतन करा: पहिला संध्याकाळी ६ ला आणि दुसरा रात्री ११ ला लागेल असं ठरवा.

पाऊस आणि खारी हवा

ऑक्टोबरअखेरीस सर येऊ शकते. एसएमपीएस आणि बोर्ड घरातच ठेवा, बाहेर फक्त ५ व्होल्टच्या वायरी जाऊ द्या. खाऱ्या हवेत तांब्याचे सांधे हिरवे पडतात, म्हणून प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी सांध्याकडे न जाता तिथून गळेल.

तुळशीच्या लग्नानंतर उतरवताना डेटा-इनच्या टोकाला लाल टेप गुंडाळा. पुढच्या वर्षी ते टोक शोधत बसावं लागणार नाही.