बिनदुधाचं व्हॅनिला फ्रॉस्टिंग करताय? या चुका टाळा

नाशिकला गंगापूर रोडवर माझ्या घरी मी गेली अकरा वर्षं केकचे क्लास घेते. दर बॅचमध्ये एक दिवस बिनदुधाच्या केकचा असतो, आणि त्यानंतर महिनाभर मला त्याच चार-पाच तक्रारींचे फोटो येत राहतात. मॅडम, क्रीम फाटलं. मॅडम, फुलं बसली. मॅडम, तोंडात रवा लागतो. हे फ्रॉस्टिंग अवघड अजिबात नाही. पण ते बहुतेक वेळा हौसेसाठी केलेलं नसतं. घरात कुणाला तरी दूध चालत नाही म्हणून केलेलं असतं, आणि तिथे निष्काळजीपणा मला सहन होत नाही.

डब्याच्या पुढच्या बाजूवर विश्वास ठेवणं

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला तान्हेपणापासून दुधाची अॅलर्जी आहे. तिचा पाचवा वाढदिवस इंदिरानगरला होता. केक मी करणार हे वर्षभर आधी ठरलेलं. स्पंज तेल आणि सोया दुधातला केला. फ्रॉस्टिंगसाठी मात्र वेळ कमी होता म्हणून तयार व्हिपिंग टॉपिंगचा डबा आणला. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॉन-डेअरी’ लिहिलं होतं, तेवढं वाचून मी बीटर लावला. पोरीने पहिला तुकडा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजायला लागले, मानेवर, पोटावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी दिलेलं औषध घरात होतं, ते पाजून तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. रात्री साडेनऊला ती बरी होऊन आईच्या मांडीवर झोपली. मी घरी येऊन कचऱ्यातून तो डबा काढला. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, साखर आणि तेलाच्या पुढे लिहिलं होतं: सोडियम केसिनेट.

केसिन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. गाईच्या दुधातल्या एकूण प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के तेच. पनीर बनतं ते त्याच्यामुळे. या टॉपिंगमधली चरबी पामच्या बियांच्या तेलाची असते, म्हणून त्याला नॉन-डेअरी म्हणतात, पण अनेकांत फेस धरून राहावा म्हणून या केसिनपासूनच केलेलं केसिनेट घातलेलं असतं. ज्याला फक्त लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही, त्याला एवढ्याने बहुधा काही होत नाही. ज्याला दुधाच्या प्रथिनाची अॅलर्जी आहे, त्याच्यासाठी ते दूधच. म्हणून केकची ऑर्डर घेताना माझा पहिला प्रश्न हाच असतो: दूध पचत नाही, की अॅलर्जी आहे? ‘दूध चालत नाही’ एवढ्यावर मी पुढे जात नाही.

हिरव्या ठिपक्याचाही इथे काही उपयोग नाही. तो शाकाहारी पदार्थाचा असतो आणि आपल्याकडे दूध शाकाहारातच धरतात. 2022 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन, म्हणजे दुधासकट कुठलाच प्राणिज घटक नसलेल्या, पदार्थांसाठी नियम आणले, तेव्हापासून वेगळं चिन्हही आहे: हिरव्या चौकोनात ‘व्ही’ अक्षर आणि वर पान. ते दिसलं तर बरंच, तरी डबा उलटा करून घटक वाचाच. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, लॅक्टोज, केसिनेट यांतलं काहीही दिसलं की डबा परत फळीवर. यादीच्या खाली अॅलर्जीची वेगळी ओळ असते, तिथे ‘मिल्क’ हा शब्द शोधा. लोण्याऐवजी वापरायच्या मार्जरीनलाही हाच नियम. ‘मार्जरीन म्हणजे तेलाचंच ना’ असं म्हणून घेऊन येतात, पण चवीसाठी दुधाचे घटक घातलेलं मार्जरीन सर्रास मिळतं. आणि ‘मिक्स्ड फॅट स्प्रेड’ लिहिलेलं असेल, तर त्यात लोण्याचीच चरबी मिसळलेली असते.

साजूक तुपाबद्दल दर बॅचमध्ये कुणाची तरी सासू सांगते की कढवल्यावर त्यात दूध कुठे राहतं. राहतं. प्रथिनाचा अंश राहतो. अॅलर्जीच्या मुलाच्या केकला, भांड्याला किंवा साच्याला तूप लावायचं नाही.

तीच गोष्ट स्पंजची. फ्रॉस्टिंग बिनदुधाचं आणि आत कंडेन्स्ड मिल्क किंवा दही घातलेला बिनअंड्याचा स्पंज, असा केक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. बीटरच्या पात्यांच्या खाचेत कालचं बटर अडकलेलं असतं, तेही बघा. मी बिनदुधाच्या कामाला वेगळी पाती आणि वेगळा सिलिकॉनचा स्पॅट्युला ठेवला आहे, त्यावर लाल टेप चिकटवली आहे.

नाशिकच्या मे महिन्यात खोबरेल तेलाचं फ्रॉस्टिंग

ही माझी दुसरी दुखरी नस. परदेशातला एखादा व्हिडिओ बघतात, त्यात खाण्याचं खोबरेल तेल फेटून पांढरंशुभ्र फ्रॉस्टिंग केलेलं असतं, आणि तेच इथे करायला घेतात. खोबरेल तेल साधारण 24 अंशांना वितळतं. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी बाटलीतून तेल निघत नाही, उन्हात ठेवावी लागते. तीच बाटली एप्रिलमध्ये पाण्यासारखी असते. ज्या घरात डोक्याच्या तेलाची बाटली आहे, त्या घरात हे वेगळं शिकवावं लागू नये.

सिडकोतल्या माझ्या एका विद्यार्थिनीची गोष्ट. हाताला छान वळण, गुलाब इतके सुबक काढते की मी तिला नोझल धरायला शिकवलंच नाही. मे महिन्यात तिने एका बारशासाठी असा केक केला. एसीच्या खोलीत केला, एसीतच फोटो काढले, मला पाठवले. मी लगेच फोन केला की हे कशात केलंय? तिने खोबरेल तेल सांगितलं तेव्हा ती रिक्षात बसलेली होती, केक मांडीवर, जायचं होतं नाशिकरोडला. वाटेत द्वारका चौकात नेहमीसारखी गाड्यांची रांग. आधी पाकळ्यांच्या कडा बोथट झाल्या, मग त्यांच्यावर चकाकी आली, मग एक गुलाब सावकाश कडेला घसरून बोर्डावर बसला. ती मला फोनवर एकेक सांगत होती आणि मला काही करता येत नव्हतं. हॉलवर पोचेपर्यंत केकच्या पायाशी तेलाचं तळं झालं होतं. तिने पैसे घेतले नाहीत. दुपारभर राबलेल्या मुलीला मान खाली घालून परत यावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

उन्हाळ्यात मी काय करते ते सांगते. दीडशे ग्रॅम चरबी लागत असेल तर शंभर ग्रॅम बिनदुधाचं मार्जरीन आणि पन्नास ग्रॅम बेकरी शॉर्टनिंग, म्हणजे वनस्पती तेलापासून केलेली घट्ट चरबी. शॉर्टनिंगमध्ये पाणी जवळजवळ नसतं आणि ते बरंच उशिरा, काही वेळा 40 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून फुलं उभी राहतात. पण निव्वळ शॉर्टनिंगचं करू नका. आपल्या अंगाचं तापमान 37, त्यामुळे ते जिभेवर विरघळत नाही आणि टाळूला मेणासारखा थर बसतो. काही जणी किराणा दुकानातलं वनस्पती तूप वापरतात. ते मुद्दाम रवाळ बनवलेलं असतं, कितीही फेटलं तरी गुळगुळीत होत नाही. हिवाळ्यात मी नुसतं मार्जरीन घेते.

मार्जरीन आणि फॅट स्प्रेड यांतला फरकही पाकिटावरच कळतो. मार्जरीनमध्ये किमान 80 टक्के चरबी असावी लागते. स्प्रेडमध्ये ती 40 टक्क्यांपर्यंत खाली जाऊ शकते आणि उरलेलं बहुतेक पाणीच. ब्रेडला लावायला ठीक. फ्रॉस्टिंगला लावलंत की साखर त्या पाण्यात विरघळते, मिश्रण सैल होतं, मग आणखी साखर, मग दात आंबतील इतकं गोड. हे चक्र सुरू झालं की थांबत नाही.

फाटलं तर

फ्रीजमधलं सोया किंवा बदामाचं दूध एकदम ओतलं की मार्जरीन गारठतं, पाणी सुटं होतं आणि भांड्यात नासलेल्या दुधासारखे कण दिसतात. इथे नव्या मुली दोन गोष्टी करतात: घाबरून अर्धी वाटी साखर टाकतात, नाहीतर सगळं फेकून देतात. दोन्ही नको. त्यातलं दोन मोठे चमचे एका वाटीत काढा, वाटी गरम पाण्यावर धरा, मऊ चकचकीत होईपर्यंतच. ते परत भांड्यात घाला आणि मंद वेगावर फेटा. मिनिटभरात जुळून येतं. माझ्या हाताने दहातून नऊदा येतं, आणि दहाव्यांदा भांड्याला बाहेरून कोमट ओला फडका गुंडाळला की येतं. मुळात दूध खोलीच्या तापमानाचं घ्या आणि चहाच्या चमच्याने घाला. दीडशे ग्रॅम मार्जरीन आणि तीनशे ग्रॅम आयसिंग शुगरला मला दोन चमच्यांच्या वर दूध कधी लागलेलं नाही. एवढं फ्रॉस्टिंग अर्धा किलोच्या केकला आतबाहेर पुरतं.

घरी काढलेलं नारळाचं दूध वापरू नका. ते फाटतं आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतं.

साखर

तोंडात रवा लागतो याचं कारण बहुतेक वेळा घरी दळलेली पिठीसाखर. माझा घरच्या साखरेला विरोध नाही, घाईला आहे. अडीचशे ग्रॅम साखरेला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर घाला, मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, भांडं तापलं तर थांबा, कारण गरम भांड्यात साखर ओलसर होऊन गोळे धरते. गार झाल्यावर मैद्याच्या चाळणीने नाही, मलमलच्या कापडातून चाळा. मग चिमूटभर घेऊन दोन बोटांत चोळा. बोटाच्या रेघांत बसली आणि टोचली नाही तर झाली. टोचली तर परत मिक्सर. फ्रॉस्टिंगमध्ये गेल्यावर तो कण फेटून मोडत नाही, कारण त्याला विरघळायला तिथे पुरेसं पाणी नसतं.

व्हॅनिला, मीठ, रंग

लोणी नाही म्हणजे चव नाही, या भीतीने लोक बाटली उपडी करतात. बाजारातला बहुतेक इसेन्स कृत्रिम व्हॅनिलिनचा असतो आणि जास्त झाला की कडवट लागतो. वरच्या मापाला एक चहाचा चमचा, बस. चव खरी उघडते ती मिठाने. मार्जरीन बिनमिठाचं असेल तर एक चिमूट बारीक मीठ त्याच सोया किंवा बदामाच्या दुधात विरघळवून घाला.

मार्जरीनचा पिवळटपणा जात नाही म्हणून तासभर फेटणाऱ्याही आहेत. फेटून रंग उजळतो, पण एका मर्यादेपर्यंत. पुढे बीटरच्या उष्णतेने मिश्रण सैल होतं आणि आत मोठे बुडबुडे भरतात. पाच मिनिटं पुरे. मग टूथपिकच्या टोकावर येईल एवढा जांभळा जेल रंग मिसळा, तो पिवळ्याला मारतो. तपकिरी इसेन्सऐवजी बिनरंगाचा घ्या. शेवटी बीटर बाजूला ठेवून स्पॅट्युलाने भांड्याच्या कडेला दाबत दाबत दोन मिनिटं फिरवा, बुडबुडे जातात.

कोमट केकवर फ्रॉस्टिंग लावू नका. हे मी अकरा वर्षं सांगते आहे. स्पंजच्या तळाला हात लावून बघा, वरून नाही.

पावसाळ्यात केक फ्रीजमधून काढला की त्याला घाम सुटतो आणि रंग ओघळतात. बंद डब्यात ठेवा आणि डबा बंदच ठेवून बाहेर येऊ द्या, तासाभराने उघडा. उरलेलं फ्रॉस्टिंग हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. वापरायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा आणि पुन्हा फेटा. गारढोण असताना बीटर लावलात तर ते फाटणार, आणि मग तुम्ही मला फोटो पाठवणार.