रहस्य न फोडता पुस्तक परीक्षण

मलपृष्ठावर छापलेलं बिनधास्त सांगा. त्यापुढे फार तर पहिल्या पाचव्या हिश्श्यापर्यंत, म्हणजे ३०० पानी कादंबरीत साधारण ६० पानांपर्यंतच. कथासार चार ओळींत उरका. उरलेली जागा भाषा, पात्रं, निवेदन यांची.

शेवट फसला असेल तर घटना नको, कारण लिहा: उलगडा घाईत आला, आधी पेरलेले धागे सुटेच राहिले.

खरी गफलत मात्र नकळत होते. ‘शेवटचा धक्का जबरदस्त!’ एवढ्यानेही वाचक प्रत्येक पात्राकडे संशयाने बघू लागतो. ‘ती फार धीट होती’ असा भूतकाळ तिचा मृत्यू सुचवून जातो. तिथे वर्तमानकाळ बरा.

मजकूर पुस्तक न वाचलेल्या कुणाला तरी दाखवा, शेवट ओळखायला सांगा. ओळखला, तर सुगावा देणारं वाक्य काढा, कितीही आवडतं असलं तरी.